घाटावरच्या बाऱ्या आणि दोन डिस्क

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे हे कळलं, तेव्हा उपचारासाठी ते निघोज्याहून आमच्याकडे सांगवीला राहायला आले. कपड्यांच्या पिशवीत एक बिस्किटांचा डबा होता. त्यात मेमरी कार्डं, सगळं बैलगाडा शर्यतींचं शूटिंग. गाडा घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एकदा पळाला की ती एक बारी, आणि मामांकडे कित्येक वर्षांच्या बाऱ्या साठलेल्या. स्वतःची बैलं होती तेव्हाच्या, बंदीच्या आधीच्या, बंदी उठल्यानंतरच्या.

डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची. कडेचं मामांना दिसेनासं झालंच होतं. घरी आल्यावर ते म्हणाले, "जावईबापू, मधलं दिसतंय तवर समदं एकदा बघून घ्यावं म्हणतो. तुमी इंजिनिअर हाय, तेवढं टीव्हीवर लावून द्या."

मी इंजिनिअर आहे, पण मेकॅनिकलचा. चाकणच्या एका कंपनीत तयार पार्ट तपासतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, त्यामुळे मला सगळंच येतं असं सगळ्यांना वाटतं. तरीही नाही म्हणवेना. मराठवाड्यातून आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराला मामांनी मुलगी दिली, तेव्हा भावकीत पुष्कळ बोललं गेलं होतं. शेती किती, हे त्यांनी मला विचारलंच नाही. शिक्षण कसं केलंस, एवढंच विचारलं, आणि माझं सांगून होईपर्यंत ऐकत बसले.

सगळ्या बाऱ्या एका जागी असाव्यात आणि रिमोट दाबला की हवी ती लागावी, एवढीच माझी अपेक्षा होती. पिंपरीतल्या एका दुकानातून ऑफिसातला जुना कॉम्प्युटर आणि दोन नव्या डिस्क घेतल्या. दुकानदार म्हणाला, एवढ्यासाठी सर्व्हर कशाला, टीव्हीच्या मागं एक डिस्क लावा, विषय संपला. पण ती एकच डिस्क बसली तर? म्हणून कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या, आयटी विभागातल्या मित्राला विचारलं. त्याने सांगितलं, एका कॉम्प्युटरच्या आत दोन-तीन कॉम्प्युटर बनवायचे. एक साठवणारा, एक टीव्हीवर दाखवणारा. एक बिघडला तर दुसऱ्याला धक्का नाही. मोशी येईपर्यंत मला ते पटलं होतं. घरी पोचेपर्यंत काहीच आठवेना.

मग खरा घोळ सुरू झाला. डिस्क कुणाच्या ताब्यात द्यायच्या? इंटरनेटवर एक जण म्हणत होता, साठवणाऱ्या आतल्या कॉम्प्युटरला त्या थेट देऊन टाका. दुसरा म्हणत होता, बाहेरच्याकडेच ठेवा आणि आतल्याला फक्त वाटा द्या. दोन डिस्क जोडून एक मोठी करायची, की दोन्हींवर तेच ते ठेवायचं, यावर तिसराच वाद. घरमालक, त्याचा भाडेकरू आणि भाडेकरूने ठेवलेला पोटभाडेकरू, यांत कपाटाची किल्ली कुणाकडे, असा प्रश्न मी बायकोपुढे मांडला. ती म्हणाली, कपाट आपलंच आहे ना, मग जेवायला चला.

शेवटी दोन्हींवर तेच ते ठेवायचं ठरवलं, आणि डिस्क थेट आतल्याला दिल्या. समजलं म्हणून नव्हे. तसं सांगणारा माणूस व्हिडिओत सावकाश बोलत होता म्हणून.

कॉपी करायला पुष्कळ संध्याकाळी गेल्या. नंतर यात्रेच्या शूटिंगला कार्डं हवीत म्हणून मेव्हणा डबा घेऊन गेला. मीच म्हणालो, खुशाल ने, आता इथं दोन-दोन ठिकाणी आहे.

बाऱ्या दाखवायला गुरुवार निवडला, कारण आमची सुट्टी गुरुवारी. कंपन्या बंद असतात आणि दुरुस्तीसाठी लाईटही त्याच दिवशी जाते, हे या पट्ट्यात लहान पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं, पण पाण्याची मोटर आणि मिक्सर यांच्यापुरतं. सर्व्हरही त्यात येतो हे डोक्यातच आलं नाही. सकाळी मी गावांप्रमाणे फाईली लावत होतो. मामा धुतलेला सदरा आणि टोपी घालून टीव्हीसमोर बसले होते. लाईट गेली.

परत आली तेव्हा आतला कॉम्प्युटर सुरू झाला आणि त्याने कळवलं की एक डिस्क खराब आहे. निवडलेल्या डिस्कवरचं सगळं पुसून ती नव्याने भरू का? हो की नाही? पण आतून दोन्ही डिस्क एकसारख्याच दिसत होत्या, एक आणि दोन. हातात धरायच्या त्या दोन वस्तूंपैकी एक कुठली आणि दोन कुठली, हे कळायला मार्ग नव्हता. आणि चांगलीच पुसली गेली तर?

मित्राला फोन लावला. तो कुठल्याशा लग्नात होता, मागे वाजंत्री.

"राव, हो दाबू नका. नाही पण दाबू नका. आधी मशीन बंद करा."

एक डिस्क काढून दुसरीवर चालू करून बघा, नाही चाललं तर अदलाबदल करा, असं त्याने सांगितलं. दोन्हीवर नाही चाललं तर काय, हे मी विचारलं नाही.

मामांनी विचारलं, काय झालं. मी आहे ते सांगितलं. कार्डांवर एव्हाना नवीन शूटिंग झालं असेल, हेही सांगितलं.

"न्हाई लागलं तर न्हाई," ते म्हणाले. "पर मला सांगताना हातचं राखू नका."

पहिली डिस्क काढून चालू केलं. काहीच नाही. ती परत बसवली, दुसरी काढली. बराच वेळ काळा पडदा, आणि मग घाट, धूळ, अनाउन्सरचा बसलेला आवाज.

मामांनी खुर्ची पुढे ओढली, गुडघे टीव्हीच्या टेबलाला टेकेपर्यंत. बैलं पडद्याच्या कडेला गेली की त्यांना दिसेनाशी होत, म्हणून घाटावर उभे असल्यासारखे ते बारी संपेपर्यंत मान वळवत नेत. स्वतःची जोडी आली. त्यांनी बोट वर करून, पुन्हा लावा, अशी खूण केली.

काढलेली डिस्क मी कंपनीतल्या सवयीने लाल टॅग लावून वेगळी ठेवली आहे. मित्र म्हणतो, नवीन आणून जोडा, उरलेली तिच्यावर सगळं उतरवेल. तोच असंही म्हणतो की एवढं सगळं एका दमात उतरवताना कधीकधी उरलेलीही बसते. मग जोडायची की नाही? मी मामांनाच विचारलं, कारण जे जाईल ते त्यांचं जाणार होतं.

"आधी माझं बघून हुंदे," ते म्हणाले. "मंग करा काय करायचं ते."

आता रोज सकाळी डोळ्यांत थेंब घालून ते थोडा वेळ मिटून बसतात आणि मग रिमोट मागतात. ते बाऱ्या बघतात. मी शेजारी बसून त्या मशीनचा लुकलुकणारा दिवा बघतो. त्याचा वेग कधी वाढतो, कधी कमी होतो, आणि त्यातलं चांगलं कुठलं, वाईट कुठलं, मला अजून कळलेलं नाही.