नत्राच्या गळ्यातली घंटी

बोरीच्या बाजारात सायकली दुरुस्त करणारा बन्सीधर सातवीतून शाळा सुटलेला, पण रद्दीतल्या मासिकांवर पोसलेला गडी. नामांतराच्या मोर्च्यांत घोषणा देऊन त्याचा आवाज कायमचा घोगरा झाला होता. त्याच आवाजात तो बाजाराच्या दिवशी पारावर उभा राहून विज्ञान सांगायचा. मधेच कुणी उठलं की त्याचं डोकं फिरायचं, आणि त्याचं डोकं फिरलं की उरलेलेही उठायचे. सरपंच तात्यारावांनी बजावलं होतं, या खेपेला माणसं टिकली नाहीत तर पार खत विकणाऱ्याच्या भोंग्याला देऊन टाकणार.

आणि यानं विषय काढला ताऱ्यांमधल्या काळ्या ढगांतल्या नत्राचा. युरियातलं नत्र सगळ्यांना ठाऊक. पण ढगातल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना धरून गप्प बसतात, रेडिओ दुर्बिणीलाही त्यांची चाहूल लागत नाही, हे कसं पटवायचं? म्हणून त्यानं शेळ्या राखणाऱ्या म्हाळसाबाईची म्होरकी, कळपाच्या पुढं चालणारी शेळी, मागून आणली. कळपात घंटी तिच्या एकटीच्याच गळ्यात. तिच्या आवाजावरून कळप सापडतो. ती वाजवून दाखवायची, एवढाच बेत.

भाषण रंगात येतंय तोच म्हाळसाबाई पदर खोचून गर्दीत शिरली. म्होरकीवाचून कळप नाल्याकाठच्या वेड्या बाभळीत घुसला होता.

"तुझ्या ढगापायी माझ्या शेळ्या गेल्या की रं!"

लोक हसले आणि शोधायला उठले. पार रिकामा झाला. तात्यारावांनी खतवाल्याला खूण केली.

बन्सीधर तणतणत मागोमाग गेला. हातात म्होरकीचं दावं तसंच. बाभळ दाट, दुपारची वेळ, आतून कसलाच आवाज नाही. वैतागून त्यानं दावं सोडलं. शेळी काट्यांत शिरली, आणि जरा वेळानं आतून घंटी एकाच जागी वाजायला लागली. लोक आवाजाच्या रोखानं गेले. अख्खा कळप सावलीला बसून रवंथ करत होता.

बन्सीधरचा राग तिथंच विरला.

"आता बघा," तो म्हणाला. "ही घंटी म्हंजी प्रोटॉन, हायड्रोजनचा धन भाराचा कण. त्यो नत्राच्या मुक्या जोडीला चिकटला की त्या जोडीचा आयन, म्हंजी भारवाला रेणू होतो, आन् आयनाचा आवाज दुर्बिणीला येतो. जिथं घंटी, तिथं नत्र."

कुणी हललं नाही. म्हाळसाबाईनं विचारलं, "आन् घंटी चोरणारं कुणी न्हाई का तिथं?"

"हाय की. कार्बन मोनॉक्साइड. पण ढगात लय थंडी. ते धुळीला चिकटून गोठतं, मंग घंटी टिकती."

"म्हंजी चोर गारठून पडला."

लोकांमागून बाभळीत आलेले तात्याराव धोतरात रुतलेले काटे काढत होते. "बन्सी, पार तुझाच," ते म्हणाले. "फकस्त पुढच्या बाजारी शेळी आणू नको."

तिकडं खतवाल्याचा भोंगा रिकाम्या पाराला युरियाचे गुण सांगत होता. इकडं माणसं शेळ्यांमध्येच फतकल मारून बसली, आणि बन्सीधरनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.