अप्पांचं नाक

माझे सासरे लाकूड आधी हुंगायचे, मग बघायचे. मंगळवार पेठेत आमचं कातारकाम. घराच्या पुढच्या खोलीत लेथ, आणि त्यावर दिवसभर लाटणी, पोळपाट, पलंगाचे पाय निघायचे. ते पोटासाठी. जिवाच्या हौसेसाठी अप्पा वाडगे करायचे. वखारीत जळणाच्या ढिगात रंगीत तुकडा दिसला, की भांडून घेऊन यायचे. जांभळट शिसव, लाल खैर, हळदीसारखा पिवळा हेदू. "चुलीत घालतायसा व्हय रं हे, मुडद्यांनो!" असं वखारवाल्यांवर ओरडायचे. फळीवर चाळीसेक वाडगे पालथे घातलेले, एकेका झाडाचा एकेक. कुणी विकत मागितला तर म्हणायचे, "लेकी इकत न्हाय आमी."

मी नव्वदच्या पुढंमागं लग्न होऊन आले. सीमेवरच्या गावातली, माहेरी कन्नड बोलणारी, आणि तोंडाची फटकळ. सासूबाई आधीच गेलेल्या, नवरा कबनूरला यंत्रमागावर कामाला. घरात दिवसभर मी आणि अप्पा. पहिल्याच महिन्यात त्यांनी माझ्यापुढं पिवळ्या भुशाच्या दोन चिमटी ठेवल्या.

"ह्यातला फणस कंचा?"

मी उजवीकडची दाखवली. ती हेदूची निघाली.

"अगं, नाक दिलंय ते चमकी अडकवायलाच काय?"

असला राग आला मला! त्या दिवसापासून लेथखालचा भुसा झाडताना चिमूटभर हुंगायची सवयच लावून घेतली. रंगावर जाऊ नको, अप्पा सांगायचे. आज पिवळाधमक असलेला फणस दोन वर्षांनी तांबूस होतो, मग डोळा फसतो. वास मात्र कापलं की आतनं ताजा निघतो. हळूहळू वीसेक झाडं मला नाकानं कळायला लागली, लेथवरही हात बसला. बाईमाणूस पटाशी धरतं म्हणून शेजारणी नाकं मुरडायच्या. "मुरडू देत की," अप्पा म्हणायचे, "त्यास्नी एक लाटणं तरी करून दावा म्हणावं." सासऱ्यावर इतका जीव जडेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

दोन हजार साल उलटल्यावर कधीतरी अप्पांना मोठा ताप आला. त्यातनं उठले, पण माझ्या आमटीला नावं ठेवणं एकदम बंद. मला वाटलं, सुधारलं म्हातारं! मग एके दुपारी गॅसवर दूध करपलं. घरभर वास, शेजारीण पळत आली, आणि अप्पा अलीकडच्याच खोलीत निवांत सुपारी कातरत बसलेले. त्यांचं नाक गेलं होतं. ते काही बोलले नाहीत, मग मीही बोलले नाही. लाकूड आलं की ते तसंच हुंगायचे, डोळे मिटायचे, आणि रेषा नि वजन बघून नाव सांगायचे. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. असं वर्षभर चाललं.

एकदा राधानगरीकडनं एक पावणं आलं. जुनं घर पाडल्यावर निघालेल्या तुळईचा काळा पडलेला तुकडा घेऊन. त्यांच्या बायकोला साखर होती. बिबळ्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी साखरेवर चांगलं, असं आमच्याकडं मानतात.

"गोळ्या चालू हाईत तिच्या, पर ह्यो बी उपाय करून बघायचा हाय. बिबळाच हाय न्हवं अप्पा? तुमी म्हणला म्हंजे झालं."

अप्पांनी एक ढलपी काढली, हुंगली. "बिबळाच. परवा या, पेला तयार आसतोय."

ढलपी खाली पडली ती मी उचलून हुंगली. फणस होता. माझी तर खात्रीच. पण परक्या माणसापुढं सासऱ्याचा शब्द खोडायचा नाही, ही आमच्यातली रीत. एरवी चुरूचुरू बोलणारी मी, नेमकी तेव्हाच मूग गिळून बसले. बरं, पावणं गेल्यावर तरी बोलायचं! दोन दिवस अप्पा तो पेला करत होते, अगदी मन लावून, आणि मी नुसती आतबाहेर करत होते. तिकडं एक आजारी बाई फणसातलं पाणी भरवशानं पिणार, आणि उद्या कुणी ओळखलं तर सगळ्या पेठेत अप्पांची शोभा होणार.

तिसऱ्या दिवशी पेला आणि फळीवरचा बिबळ्याचा वाडगा, दोन्ही मी रात्रभर पाण्यानं भरून ठेवले होते, ते सकाळी उंबऱ्यावर उन्हात धरले. बिबळ्याचं पाणी उन्हात निळी झाक मारतं. वाडग्यातलं मारत होतं. पेल्यातलं नव्हतं. दोन्ही उचलले आणि लेथशेजारी अप्पांपुढं ठेवले.

अप्पांनी लेथ बंद केला. आधी पेला उन्हात धरून बघितला, मग वाडगा.

"कवापास्नं ठावं हाय तुला?"

"वरीस झालं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी तरी कुठं बोलला?" मी म्हटलं, आणि रडायलाच लागले. रागानं की कशानं कोण जाणे.

दुपारी पावणं आलं. अप्पा त्यांच्यासमोर उभे राहिले. "पावणं, चुकलो म्या. फणस हाय ह्यो. माझं नाक गेलंय. बिबळ्याचा तुकडा हाय आमच्याकडं, त्यातनं सून करून देईल पेला. हितनं फुडं लाकूड तिलाच दावायचं." पावणं माझ्याकडं बघायला लागलं. मी पदर सावरत भिंतीकडं बघत राहिले.

ते गेल्यावर अप्पांनी शिसवाचा एक तुकडा लेथला लावला, चार फेऱ्या काढल्या आणि ओला-ताजा भुसा माझ्या तळहातावर ठेवला. मला वाटलं, परत परीक्षा. हुंगून म्हटलं, "शिसव."

"ते मला दिसतंय की," अप्पा म्हणाले. "नाव नगं. वास कसा येतोय, तेवढं सांग."