पाचवा महिना

गोव्यातल्या डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की माझं पोट फुगू शकतं. बीजं वाढवायची इंजेक्शनं माझ्या शरीराने गरजेपेक्षा जास्त मनावर घेतली होती. बीजं काढल्यावर काही दिवसांनी त्या म्हणाल्या, "आता लगेच गर्भ पोटात सोडायचा नाही. तीन चांगले गर्भ तयार झालेत, ते गोठवून ठेवू. तुम्ही आधी स्वतःच्या शरीराकडे बघा."

शरीराकडे बघायचं म्हणजे रोज सकाळी टेपने पोटाचा घेर मोजायचा, वजन करायचं, लघवी कमी होत नाही ना ते पाहायचं. शहाळ्याचं पाणी प्यायचं, मीठ घातलेली पेज घ्यायची, उकडलेली अंडी खायची आणि जड काही उचलायचं नाही. आमच्याकडे सोमवारी घरात अंडं येत नाही. त्या सोमवारी सासूबाईंनी मागच्या पडवीत वेगळी चूल मांडली, अंडी उकडली आणि पाठ फिरवून म्हणाल्या, "खा. माका काय दिसाक नाय."

नवरा होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. मला इंजेक्शन द्यायच्या आधी तो साबणाने हात घासत बसायचा, तरी बोटांना डिझेलचा वास राहायचाच. माझ्या बेंबीच्या दोन्ही बाजूंना त्याने दिलेल्या सुयांचे निळे डाग होते.

रजा संपली तेव्हा पोट अजून उतरलं नव्हतं. परकराची नाडी बांधवत नव्हती, म्हणून सैल गाऊनसारखा ड्रेस घालून मी ओरोसची एसटी पकडली. माझं ऑफिस तिथे आहे. गाडी भरलेली होती. मी दांडी धरून उभी राहिले, तर खिडकीजवळची एक म्हातारी बाई उठली.

"बस गो बाय. कितवो म्हयनो?"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "पाचवो."

ती माझ्याशेजारी उभी राहिली. वजन उचलू नको, सांजेक भायर फिरू नको, असं कायकाय सांगत राहिली. उतरायच्या आधी तिने माझ्या पोटावर हात ठेवला. आतल्या सुजेमुळे कळ आली. पण त्या कळेने मला वाटलं की आत खरंच कोणीतरी आहे, आणि त्याला तो हात कळला.

चार-पाच दिवसांत पोटातलं पाणी उतरलं. सारखं बाथरूमला जावं लागायचं. प्रत्येक वेळी थोडं रिकामं झाल्यासारखं वाटायचं. टेपवरचा आकडा पूर्वीचा झाला तेव्हा नवरा खूश झाला. मी आंघोळीला गेले आणि पाण्याचा आवाज मोठा करून रडले. कशासाठी, ते त्याला सांगता येण्यासारखं नव्हतं.

मग ते सुरू झालं. मी ऑफिसात बसलेली असताना मनात यायचं, आता सहावा. कोळंबी सोलताना यायचं, सातवा. कोणीतरी माझ्या डोक्यात बसून मोजत होतं. मधे पहिला गोठवलेला गर्भ सोडला. तो राहिला नाही. औषधांमुळे छाती जड व्हायची, सकाळी मळमळायचं, आणि रिपोर्ट 'नाही' असा आल्यावरही दोन-तीन दिवस मळमळ तशीच राहिली. त्याचं दुःख झालं, घरात सगळ्यांनाच झालं. पण मोजणं त्याचं नव्हतं. मोजणं त्या एसटीतल्याचं होतं. नववा संपला तेव्हा मी डाव्या कुशीवर झोपत होते आणि उठताना हात टेकून उठत होते. सासूबाई बघायच्या, विचारायच्या नाहीत.

पुढे मालवणच्या बाजारात मासे घेताना मागून कोणीतरी दंड धरला. तीच बाई होती.

"काय झाला गो? चेडू काय झील?"

पळून जावं असं वाटलं. मी म्हटलं, "नाय झाला."

तिचा चेहरा उतरला. तिने मला बाजूला, बर्फाच्या पेट्यांच्या आडोशाला नेलं. "मी तुझ्या पोटाक हात लावलंय त्या दिसा. घराक गेल्यावर सून म्हणाली, परक्या बायलेच्या पोटाक हात कित्याक लावतास. तेव्हापासून माझ्या जीवाक घोर. माझी दिष्ट तर नाय मां लागली?"

म्हणजे ती पण इतके महिने मोजत होती. मग मला खरं सांगावंच लागलं.

"मावशी, तेव्हा पोटात कोण नाय होता. औषधाचा पाणी भरलेला."

तिला समजायला वेळ लागला. "मगे पाचवो म्हयनो कित्याक सांगलंस?"

"तुम्ही उठून बसाक दिलात," मी म्हटलं.

ती रागावली नाही. माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत म्हणाली, "पण माका लागला गो हाताक. हलला ता."

ती गेली. पुन्हा भेटली नाही.

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तुळशीपुढे दिवा लावायला उठल्या. मोजणं त्यानंतर कमी झालं, पण अजूनही कधीतरी एखादं मूल रांगताना दिसलं की मनात त्या एसटीतल्याचं वय येतं आणि हिशेब बरोबर असतो.

दोन गर्भ अजून गोव्यात आहेत. डॉक्टरबाई म्हणाल्या, शरीराला थोडी विश्रांती द्या, झोप सांभाळा, चाला, रक्त वाढू द्या. मी ते करते आहे. किनाऱ्याने चालते, नाचणीची आंबील पिते, चहा एकच घेते. पुढच्या महिन्यात जायचं आहे. परवा तांदूळ निवडताना सासूबाईंनी मान वर न करता विचारलं, "त्यांका थंयसर थंडी वाजणा नाय मां गो?"

"नाय," मी म्हटलं. "त्यांका काय कळणा नाय."

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.