अठरा नावांचा पुकारा

आरोंदेकरांच्या नाकातून कॅमेऱ्याची नळी घालून मी त्यांच्या घशापर्यंत पोचले होते, तेवढ्यात मागून धामणकरांनी विचारलं, "मॅडम, स्क्रीनसकट एक फोटो काढला तर चालेल ना? मंडळाच्या ग्रुपवर टाकतो."

चालणार नाही, असं मी सांगितलं. नाकात नळी असलेल्या माणसाला मान हलवता येत नाही. नाहीतर आरोंदेकरांनी बहुतेक होकारच दिला असता. त्यांचा तो स्वभाव तेव्हा मला माहीत नव्हता.

मी लेस्टरमध्ये कान-नाक-घशाची सर्जन आहे. मिरजेला शिकले, इथे येऊन सव्वीस वर्षं झाली. त्यातली निम्मी व्हॉइस क्लिनिकमध्ये गेली. तिथे आवाज बसलेले लोक येतात. शिक्षक, गायक, कॉल सेंटरवाले, क्वचित एखादा पाद्री. नट मात्र पहिलाच. त्यातून दिनकर आरोंदेकर. (नावं बदलली आहेत. आरोंदेकरांना विचारून लिहिते आहे. धामणकरांचं नाव बदलायची माझी फारशी इच्छा नव्हती, पण बदललं.)

धामणकर आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. घरं विकत घेऊन भाड्यानं देणं हा व्यवसाय आणि अध्यक्षपद हा छंद. त्यांनी मुंबईहून एक नाटक आणलं होतं, पाच शहरांत पाच प्रयोग. चौथा रविवारी कॉव्हेंट्रीला झाला. तिसऱ्या अंकात बाप मुलावर ओरडतो, त्या जागी आरोंदेकरांच्या घशात काहीतरी 'तुटल्यासारखं' झालं. उरलेला अंक त्यांनी कसाबसा काढला. सोमवारी सकाळी तोंडातून नुसती हवा येत होती. पाचवा प्रयोग पुढच्या शनिवारी, लेस्टरला. प्रयोगानंतर त्यांचा सत्कार ठेवलेला होता. म्हणून धामणकर त्यांना घेऊन सोमवारीच माझ्या प्रायव्हेट क्लिनिकला आले.

थोडं शरीरशास्त्र सांगते. आवाज निघतो तो स्वरतंतूंमधून. तंतू म्हटलं की सतारीच्या तारा डोळ्यांपुढे येतात, पण त्या प्रत्यक्षात नखाएवढ्या लांबीच्या दोन मऊ घड्या असतात. बोलताना त्या सेकंदाला शंभराहून जास्त वेळा एकमेकींवर आपटतात. निरोगी असल्या की पांढऱ्याशुभ्र दिसतात. आरोंदेकरांची उजवी घडी पांढरी होती. डावी जांभळासारखी. ओरडताना आतली बारीक रक्तवाहिनी फुटली होती आणि रक्त कातडीखाली साचलं होतं. याला आम्ही हॅमरेज म्हणतो. त्यावर औषध एकच, मौन. बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. रक्त जिरलं तर आवाज जसाच्या तसा परत येतो. त्याआधी पुन्हा ताण दिला तर तिथे व्रण धरतो. व्रण धरलेली घडी कडक होते, आणि ती मऊ करणारं भरवशाचं ऑपरेशन माझ्याकडे नाही, कोणाकडेच नाही.

हे सगळं मी स्क्रीनवर दाखवून सांगितलं. आरोंदेकरांचं लक्ष त्या जांभळ्या घडीकडे होतं. धामणकरांचं घड्याळाकडे.

"शनिवारपर्यंत होईल ना?" धामणकरांनी विचारलं. "एखादं स्टेरॉइडचं इंजेक्शन? फुटबॉलवाल्यांना देतात ना मॅचच्या आधी?"

इंजेक्शननं सूज उतरेल, आपण बरे झालो असं त्यांना वाटेल आणि ते जोरात ओरडतील, असं मी म्हटलं. यावर धामणकर म्हणाले, तेच तर हवंय.

घसा दुखायला कधीपासून लागला, हे मी आरोंदेकरांना कागदावर लिहायला सांगितलं. त्यांनी सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं, 'शुक्रवारच्या जेवणापासून.' शुक्रवारी जेवताना काय झालं होतं, ते धामणकरांनीच मोठ्या कौतुकानं सांगितलं.

त्यासाठी आरोंदेकरांच्या सिनेमाबद्दल सांगायला हवं. बावन्नाव्या वर्षापर्यंत त्यांना रंगभूमीच्या बाहेर कोणी ओळखत नव्हतं. मग एका चित्रपटात त्यांना कोर्टाच्या शिपायाचं काम मिळालं. खटल्याची वेळ झाली की कोर्टाच्या दारात उभा राहून नावांचा पुकारा करणारा शिपाई. एके दिवशी त्याला आपल्याच मुलाच्या नावाचा पुकारा करावा लागतो, आरोपी म्हणून. नाव, बापाचं नाव, आडनाव आणि मग लांबवलेलं 'हाजिर'. त्या पुकाऱ्यावर थिएटरात लोक रडले. मग तो फोनांच्या रिंगटोनमध्ये गेला, लग्नांच्या व्हिडिओंत गेला आणि पुढे लोक त्यावर हसायला लागले.

धामणकरांनी आरोंदेकरांना स्वतःच्या घरी उतरवून घेतलं होतं. हॉटेलात ठेवलं तर आपलेपणा राहत नाही, असं त्यांचं मत. शुक्रवारी त्यांनी अठरा पाहुण्यांना जेवायला बोलावलं आणि श्रीखंड-पुरीनंतर प्रत्येकाच्या नावाचा पुकारा करून घेतला. प्रत्येकानं आपापल्या फोनवर रेकॉर्ड केला. दोघांचे नीट आले नाहीत, ते पुन्हा करून घेतले. रात्री घसा ठणकायला लागला तेव्हा धामणकर वहिनींनी आयब्युप्रोफेन दिली आणि रविवारपर्यंत देतच राहिल्या. त्या गोळीनं दुखणं थांबतं, आणि रक्त थोडं सहज वाहतं. म्हणजे पाहुणचारात काही कमी ठेवलं नव्हतं.

मी धामणकरांना सांगितलं की पेशंट शुक्रवारपर्यंत माझ्या घरी राहील. मंडळात गैरसमज होतील, असं ते म्हणाले. होऊ देत, असं मी म्हटलं.

आरोंदेकर चार दिवस आमच्याकडे होते. मुलीचा जुना व्हाइटबोर्ड मी त्यांना दिला. माझे मिस्टर रिटायर झाले आहेत, दिवसभर घरी असतात. ते बोलत आणि आरोंदेकर लिहीत. संध्याकाळी मी घरी आले की बोर्डावरचं राहिलेलं वाचायची. त्यांचं गाव तळकोकणात. वडील दशावतारात राजाचं काम करत आणि शेतात मजुरी. मुंबईत आरोंदेकर पोस्टात लागले, टपालाची वर्गवारी करत. संध्याकाळी एकांकिका, मग व्यावसायिक नाटकं. वीसेक वर्षं दुय्यम भूमिका केल्या. 'पहिल्या अंकात मरणारे वडील,' त्यांनी लिहिलं होतं. 'दुसऱ्या अंकात माझा फोटो काम करायचा.'

मी एकदा विचारलं, त्या पुकाऱ्याचा तुम्हाला कंटाळा नाही येत? त्यांनी बोर्डावरचं आधीचं सगळं पुसलं. मग लिहिलं, 'येतो. पण डॉक्टरीणबाई, त्याआधी तीस वर्षं कोणी काही मागितलं नव्हतं.'

मी ते वाचलं आणि चहा टाकायला गेले. तेव्हाच तिथे थांबून पुढचा प्रश्न विचारायला हवा होता.

बाकी पेशंट म्हणून माणूस आदर्श. चार दिवसांत घशातून एक आवाज नाही. फोडणीचा ठसकासुद्धा गिळायचे. बोर्डावर लिहीत नसले की नाटकाची संहिता घेऊन बसायचे. शिसपेन्सिलीनं तिसऱ्या अंकात खुणा करत होते. मी विचारलं तर लिहून दाखवलं, की ओरडायच्या सगळ्या जागा ते खाली आणत होते. बाप ओरडणार नाही, हळू बोलेल. बरोबरच्या नटांनाही त्यांनी तशा चिठ्ठ्या पाठवल्या होत्या.

शुक्रवारी पुन्हा नळी घातली. जांभळा रंग बराचसा गेला होता, कडेला पिवळट डाग उरला होता. सुधारणा चांगली, पण काम पुरं झालेलं नव्हतं. माझा सल्ला, प्रयोग करू नका. धामणकरांचा सल्ला, सातशे लोक येणार आहेत. निर्णय पेशंटचा असतो. आरोंदेकरांनी लिहिलं, 'करणार. खालच्या आवाजात.'

मग मी लेटरहेडवर अटी लिहिल्या. माइक तोंडाजवळ. एकाही वाक्याला जोर नाही. मध्यंतरात कोणालाही भेटायचं नाही. आणि सत्कारात बोलायचं नाही, एक शब्दसुद्धा नाही. खाली धामणकरांची सही घेतली. त्यांनी ती दोन रेघा मारून झोकात केली आणि म्हणाले, "डोन्ट वरी मॅडम. माझी पर्सनल गॅरंटी."

शनिवारी मी तिसऱ्या रांगेत बसले होते. खरं सांगायचं तर नाटक बेतास बात. पण तिसरा अंक मी विसरणार नाही. मुलगा घर सोडून जातो म्हणतो. कॉव्हेंट्रीत बापानं तिथे छप्पर उडवलं होतं, असं ऐकलं. इथे तो खुर्चीवर बसून, समोरच्या टेबलावरचा कप नीट बशीत ठेवत, शेजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, "जा. दार ओढून घे." सातशे माणसं गप्प झाली. एरवी आमच्या नाटकांना निदान तीन तरी फोन वाजतात, त्या दिवशी एकही वाजला नाही. मला वाटलं, हा माणूस चाळीस वर्षं हे करू शकत होता आणि आपण त्याच्याकडून ओरडून घेत होतो.

पडदा पडला. पाच मिनिटांत टेबल, सॅटिनचं टेबलक्लॉथ, समई आणि सात खुर्च्या स्टेजवर आल्या. पाच भाषणं झाली. त्यातलं एक स्पॉन्सरचं, त्यांना आरोंदेकरांचं आडनाव नीट घेता आलं नाही. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र धामणकरांनी वाचलं, त्यात धामणकरांचा उल्लेख चारदा होता. आरोंदेकर हात जोडून उभे राहिले, अटीप्रमाणे काही न बोलता. इथे संपायला हवं होतं.

धामणकर माइकवर म्हणाले, "आपल्या डॉक्टर मॅडमनी सरांना बोलायला मनाई केली आहे." लोक हसले. "त्यामुळे सर बोलणार नाहीत. पण पुकारा म्हणजे काही बोलणं नव्हे."

मागच्या रांगांतून पुकारा, पुकारा असं सुरू झालं आणि पुढे येत गेलं. मी उठून उभी राहिले आणि दोन्ही हातांनी नाही नाही अशी खूण केली. शेजारच्या बाईंना वाटलं मी पण पुकाराच मागते आहे. त्यांनी मला साथ दिली. आरोंदेकरांनी माझ्याकडे पाहिलं, नक्की पाहिलं. मग सभागृहाकडे पाहिलं. चेहरा एकदम तरुण झाला. त्यांनी माइक बाजूला सारला, छाती भरून श्वास घेतला आणि धामणकरांकडे हात केला.

"प्रकाश रामचंद्र धामणकर..."

'हाजिर' मधला 'हा' आला. 'जिर' आलाच नाही. तिथे फक्त तोंड उघडं होतं, हात वर होता, आणि डोळ्यांत पाणी. लोकांना वाटलं, अभिनय आहे. सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. काय झालं होतं ते त्या सभागृहात दोघांनाच कळलं होतं, त्यांना आणि मला. आणि हेही लिहून ठेवते, की पहिले दोन-तीन सेकंद मीसुद्धा टाळ्या वाजवत होते.

रविवारी तिसऱ्यांदा नळी घातली. डावी घडी पुन्हा रक्तानं भरली होती आणि कडेला फाटली होती. मंगळवारी ते विमानात बसले. तीन महिन्यांनी मुंबईच्या डॉक्टरांनी मला फोनवर चित्रं पाठवली. अपेक्षा होती तसाच व्रण.

आता त्यांचा आवाज सुक्या पानावरून चालल्यासारखा येतो. नाटक संपलं. एका मालिकेत ते अर्धांगवायू झालेले आजोबा करतात, पलंगावर पडून. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाले, "संवाद नाहीत, डॉक्टरीणबाई. पण क्लोजअप भरपूर मिळतात." मग हसले असावेत, नीट कळलं नाही.

धामणकरांनी त्या पुकाऱ्याचा व्हिडिओ मंडळाच्या पानावर सगळ्यात वर ठेवला आहे, शेवटच्या अक्षरापाशी हळू करून. मी त्यांना एकदा सगळं सांगितलं, ते चित्र दाखवलं. त्यांना वाईट वाटलं. मग म्हणाले, "पण मॅडम, बघा ना, त्यांचा शेवटचा पुकारा आपल्या मंडळाच्या नशिबात होता."

त्यांच्यावर रागावण्यात मी बरेच महिने घालवले. ते सोपं होतं, आणि धामणकर त्याला पात्रही आहेत. पण परवा फाइल बंद करताना ते अटींचं पत्र पुन्हा हातात आलं. चार अटी, तारीख, माझं नाव आणि खाली दोन रेघांची ती सही. गळा एका माणसाचा होता, आणि सही मी दुसऱ्याची घेतली होती. सातशे लोकांनी मागितलं तर तुम्हाला नाही म्हणता येईल का, हे मी आरोंदेकरांना विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं लिहिलं असतं. मग मी त्यांना प्रयोग संपल्यावर मागच्या दारानं थेट गाडीत बसवलं असतं.