क्लचबाईंची निळी गाडी

त्यांना सगळं गाव क्लचबाई म्हणायचं. त्या मोटार चालवायला शिकवायच्या, आणि गाडीच्या काचा बंद असल्या तरी "क्लच! अहो, क्लच दाबा!" हा त्यांचा आवाज पुढच्या चौकापर्यंत ऐकू जायचा. गावातले कितीतरी डॉक्टर, बेकरीवाले आणि शिक्षक त्यांच्या हाताखाली शिकले होते. खरं तर पायाखाली, कारण बाईंच्या बाजूलाही एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक बसवलेला होता. शिकणारा गडबडला की बाईंचा पाय त्याच्या आधी तिथे पोचलेला असायचा.

गाडी निळी, चौकोनी आणि चांगलीच वयस्कर. पहिला गिअर टाकला की घसा खाकरायची. बाईंना त्यात काही वावगं वाटत नसे. पण त्या वर्षी पुलाच्या चढावर ती अशी दमली की मागच्या दुधाच्या टेंपोवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले. त्याच आठवड्यात बँकेतली एक मुलगी शिकवणी सोडून गेली. जाताना म्हणाली, "बाई, तुम्ही शिकवता झकास, पण ते स्टिअरिंग फिरवून फिरवून माझे दंड भरून आलेत. मला पहिलवान नाही व्हायचं."

हे मात्र बाईंना लागलं.

"नवीन घेऊन टाक," नवरा म्हणाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि काच तडकली की बदलायची एवढंच त्याला ठाऊक. गॅरेजवाल्याने मात्र गाडीखाली सरपटत जाऊन सगळं ठोकून पाहिलं आणि बाहेर येत सांगितलं, "सांगाडा ठणठणीत आहे. इंजिन उघडून नीट करतो, स्टिअरिंगला मोटर बसवतो, सीटही बदलू. अजून खूप वर्षं पळेल. पण बाई, नवी ती नवी. मी खोटं सांगणार नाही."

म्हणजे निर्णय पुन्हा बाईंच्याच गळ्यात.

मग एका सकाळी घरातली सगळी मंडळी शोरूमला गेली. नवरा, बाई आणि सासूबाई. सासूबाईंना कोणी बोलावलं नव्हतं. त्या साडी बदलून आधीच दारात उभ्या होत्या. शोरूममधला विक्रेता टाय सावरत पुढे आला आणि बाईंना पाहून जागीच थबकला. तो त्यांचाच जुना विद्यार्थी.

"या ना बाई. मी चालवून दाखवतो," तो म्हणाला, आणि घाम पुसत गाडीत बसला.

"आरसा," बाई म्हणाल्या.

"हो, हो." त्याने घाईघाईने आरसा सारखा केला.

गाडी निघाली ती लोण्यावरून घसरल्यासारखी. क्लच नाही, गिअर बदलायची कटकट नाही, इंजिनाचा आवाजही नाही. पहिल्याच वळणावर बाईंचा पाय सवयीने खाली गेला आणि मऊ गालिच्यावर आपटला. विक्रेता जरा रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे सरकला तशी गाडी टिंग टिंग करू लागली. त्याच क्षणी बाईही ओरडल्या, "पट्टा बघ, पट्टा!"

"एका वेळी एकीनेच ओरडा गं," मागून सासूबाई म्हणाल्या, आणि विक्रेत्यासकट सगळे खो खो हसत सुटले.

गाडी बाईंना आवडली, अगदी मनापासून आवडली. "क्लचच नसेल तर लोक मला काय म्हणतील हो?" त्यांनी घरी जेवताना विचारलं. नवरा म्हणाला, "टिंगटिंगबाई." बाईंनी त्याच्या पुढ्यातलं लोणचं काढून घेतलं.

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बसणाऱ्यांचं गाडी बघून झालं. आता शिकणाऱ्याला विचारा की."

"कोणाला विचारू, आई?"

"मला. मी शिकते, मग सांगते."

नवऱ्याच्या हातातला चमचा तसाच राहिला. "आई, तुझं वय काय!"

"परवान्याच्या कचेरीत विचारतील तेव्हा सांगेन."

त्यांनी शिकाऊ परवाना काढलाही. पुढच्या रविवारी, भाजी बाजाराच्या रिकाम्या मैदानात, सासूबाई निळ्या गाडीच्या स्टिअरिंगपुढे उशी घेऊन बसल्या. इतक्या लोकांना शिकवलं, पण घरातलं माणूस ही पहिलीच वेळ, आणि तीही सासू! ओरडायचं तरी कसं?

"आई, क्लच हळू सोडायचा हं. अगदी हळूहळू..."

गाडी निघालीसुद्धा. न गचका, न खाकरणं. बाई बघतच राहिल्या. पहिल्याच दिवशी असा क्लच त्यांनी कोणाचा पाहिला नव्हता.

"अगं, जन्मभर शिवणयंत्राचं पायडल मारलंय मी," सासूबाई म्हणाल्या. "रेशमावर टीप घालताना पाय किती सांभाळावा लागतो, माहितीये?"

पण मैदानाच्या कडेला वळायची वेळ आली आणि स्टिअरिंग काही फिरेना. दोन्ही हातांनी ओढून त्या लाल झाल्या. शेवटी बाईंनी ब्रेक दाबला. सासूबाई खांदा चोळत मागे टेकल्या, पण चेहरा लहान मुलीसारखा उजळला होता.

"पाय खूश आहेत, हात रडतायत," त्या म्हणाल्या. "तू हातांचं बघ. पायांचा खेळ काढून घेऊ नकोस बाई, सगळी मजा तिथेच आहे!"

बाई त्याच पावली गाडी घेऊन गॅरेजात गेल्या.

निळी गाडी परत आली तेव्हा स्टिअरिंग एका हाताने फिरत होतं, चढावर दम लागत नव्हता, आणि नव्या सीटवर सासूबाईंना उशीही लागली नाही. बँकेतली मुलगी पुन्हा यायला लागली. आणि सासूबाई पक्का परवाना घेऊन बाहेर आल्या तेव्हा परीक्षा घेणारा साहेब त्यांना दारापर्यंत सोडायला आला होता.

त्यांची धाकटी बहीण टेकडीपलीकडे राहायची. आजवर तिच्याकडे जायचं म्हणजे मुलाला दुकानातून सवड कधी मिळते याची वाट बघायची. त्या दुपारी सासूबाईंनी मुलाला मागे बसवलं, सुनेला शेजारी, आणि निघाल्या. टेकडीच्या वळणांवर मुलगा वरचा दांडा घट्ट धरून बसला होता. बाईंचे दोन्ही पाय मात्र निवांत होते. त्यांना एकदाही खाली जावं लागलं नाही. तोंडाने त्या एकदा "क्ल..." एवढंच म्हणाल्या, तर सासूबाईंनी नुसतं बघितलं.

बहीण अंगणात कपडे वाळत घालत होती. गाडी फाटकाशी थांबली, पुढच्या दारातून थोरली उतरली, आणि बहिणीच्या हातातली ओली चादर खाली पडली.

"ताई! तू चालवत आलीस?"

"मग काय, ढकलत आणली?"

बहिणीने चादर उचललीसुद्धा नाही. घरातल्याच सपाता घालून ती धावत आली, भाच्याला म्हणाली, "तू उतर आणि चहा टाक," आणि सुनेला मागे पिटाळून स्वतः पुढे बसली.

"चल ताई," ती म्हणाली, "आधी बाजारातून ने. सगळ्यांनी बघू दे."