खेकड्यासाठी हॉल मिळण्याबाबत

विषय: वरीलप्रमाणे.
संदर्भ: शेजारच्या सुलूवहिनींचे गुडघे.

होय, गुडघेच! हसू नका, चहा सांडेल. आपल्याच हाताने आपलं नाक कसं कापावं, याचं उदाहरण पाहिजे ना? मग ऐका.

वहिनींची शर्वरी मुंबईत नटी आहे. सध्या एका नाटकात ती कचेरीत खेटे घालणारी बाई होते आणि लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात खेकडा. शहाणा खेकडा. दात घासा म्हणतो, पाढे म्हणा म्हणतो. गावातली सगळी पोरं त्याची भक्त. नाराज एकटी आई.

"माका कुर्लीच दिसता," वहिनी म्हणत. "माजां चेडू खंय दिसता?"

खरंच होतं. टीव्हीवर दिसणार खेकडा; लेकीचा मुखवट्यातून नुसता आवाज येणार. नाटकात चेहरा दिसतो, पण नाटक कुडाळच्या पुढे येत नाही आणि वहिनींचे गुडघे फाटकाच्या पुढे जात नाहीत.

मे महिन्यात शर्वरी आठ दिवस घरी आली, ती ठरवूनच. नाटक आईपाशी आणायचं! शाळेचा हॉल त्यांच्या कुंपणाला लागून. नटमंडळी रविवारी गोव्याला जाता जाता थांबायला तयार. तिने हेडमास्तरांना फोन केला. ते म्हणाले, "हॉल तुमचाच. चावी न्या."

किस्सा इथे संपायचा. पण मी तिथे बसलो होतो ना!

"तोंडी परवानगी ही परवानगीच नव्हे," मी म्हणालो. त्याच शाळेच्या ऑफिसात मी बत्तीस वर्षं कारकुनी केली आहे.

"काका, ते चावी देतत तर..."

"चावी गंजते, शर्वरी. कागद राहतो."

वाक्य बरं जमलं, म्हणून लगेच तिच्या नावाने अर्ज लिहायला बसलो. दीड पान झालं. 'अर्जदाराचा अनुभव' या सदरात लिहिलं: रंगभूमीवर, पीडित महिला. दूरचित्रवाणीवर, खेकडा (सध्या कार्यरत). दोन प्रती दिल्या, आवक क्रमांक घेतला आणि छाती काढून घरी आलो.

माझ्या खुर्चीवर आता दिगंबर बसतो. मीच तयार केलेला. शंका आली की शेरा मारायचा, नाही आली तर शोधायची, हा मंत्र माझाच.

शुक्रवारी शेरा आला: 'कार्यक्रमात खेकड्याचा सहभाग दिसतो. जिवंत प्राणी आणणार असल्यास पशुवैद्यकीय दाखला जोडावा. नसल्यास तसे प्रतिज्ञापत्र द्यावे.'

धावलो!

"दिग्या, खेकडा म्हणजे आपली शर्वरी रे!"

"माका म्हायत आसा, भाऊ. माजी नात रोज बगता. पण कागदार काय लिवलास? आपणाक म्हायत आसलेला फायलीत धरूचा नाय, ह्या तुमीच शिकयलास."

हेडमास्तर हळहळले. "नुसती चावी मागितली असती तर दिली असती. आता कागद आला. कमिटीपुढे ठेवावा लागेल."

"कमिटी कधी बसते?"

"जूनमध्ये. शाळा उघडली की."

मान खाली घालून शर्वरीला सांगितलं. वाटलं, रडेल. तिने केस वर बांधले.

"खळा आसा मां आपला? मग झाला! आये, रविवारी सांजच्याक तुजी खुर्ची हयच टाकूया. आणि काका..."

"बोल."

"तुमी फक्त काय लिवू नकात."

रविवारी वहिनींच्या दारापुढच्या खळ्यात नाटक झालं. शाळेची बाकं आली, अर्जाविना, हेडमास्तरांनी नुसती मान हलवली म्हणून. पुढच्या बाकावर नातीला घेऊन दिगंबर. वहिनी दोन तास पापणी न हलवता बघत होत्या. शेवटी पोरांनी गलका केला, म्हणून शर्वरीने उघड्या चेहऱ्याने खेकड्याचा आवाज काढला. वहिनींनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आता दिसलां गो माजां चेडू!"

मीही डोळे पुसले. माझं कारण मात्र वेगळं. नाटकात त्या बाईला खेटे घालायला लावणारा एक कारकून आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या प्रत्येक वाक्याला अख्खं खळं हसलं, आणि नटाकडे एकानेही बघितलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

'शर्वरी ही खेकडा नाही' असं प्रतिज्ञापत्र मी सोमवारी सादर केलं. त्यावर शेरा आला: 'अर्जदाराने समक्ष हजर राहून खात्री पटवावी.' अर्जदार मुंबईला गेली आहे.

अर्ज प्रलंबित आहे.