कुंभाआधीची ओटी

आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत खंडेरावकाकांइतका प्रेमळ घरमालक दिवा घेऊन शोधलात तरी सापडायचा नाही. भाडेकरूला ते भाडेकरू म्हणतच नाहीत. "उज्वला म्हणजे माझी लेक!" लेकीकडून डिपॉझिट घेतलं, ती गोष्ट वेगळी.

ही उज्वला माझी शेजारीण. काकांच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत राहायची, साड्यांना फॉल-पिको करायची. नवरा सुरतेला कंपनीत, घरी येणार दिवाळीला. मुलगी तृप्ती यंदा दहावीला.

आणि ऐन जानेवारीत काकांना कुंभमेळा आठवला. यात्रेकरूंना खोल्या दिल्या तर काय मिळेल, हे गणित सध्या अख्खं नाशिक करतंय.

"पोरी, महिनाअखेर खोल्या रिकाम्या कर. रंग द्यायचाय."

"काका, तृप्तीची परीक्षा तोंडावर आलीय. आणि करार मेअखेरपर्यंतचा आहे."

"अगं, लेकीशी कसला करार!"

"तोवर कुणीच मोडायचा नाही, ही अट तुम्हीच घातली होती ना? आधीचा भाडेकरू मधेच पळाला म्हणून?"

काकांना आठवेना. वय झालं हो बिचाऱ्यांचं! दुसऱ्या दिवशी उज्वलाच्या नळाला पाणी नाही. चुकून कॉक फिरला असणार. उज्वला वर जाऊन एवढंच म्हणाली, "पाणी आलं नाही तर चौकीत जाते." लगेच आलं.

माझ्याकडे येऊन मात्र ती ढसाढसा रडली. "पोरीचं वर्ष वाया गेलं तर काय करू हो वहिनी?" अस्सा संताप आला मला त्या माणसाचा!

मग काकांनी मायेचा रस्ता धरला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकांच्या पत्नी कुसाकाकू स्वतः खाली आल्या. उज्वलाची ओटी भरली, खण, नारळ, तांदूळ, सगळं साग्रसंगीत. मागे काका गहिवरून उभे. "लेकीची बोळवण करतोय." आता भरल्या ओटीने बाई निघणार नाही तर काय करणार? डाव मोठा झकास होता. उज्वलाने दोघांना वाकून नमस्कार केला आणि आत गेली. मला वाटलं, संपलं.

थोड्या वेळाने नारळीभाताचा वास सुटला. वाडगा घेऊन ती वर गेली, मी मागोमाग.

"ओटीचे तांदूळ आपल्या घरी नेऊन शिजवायचे असतात ना, काका? शिजवले. मेअखेरपर्यंत माझं घर खालीच आहे."

काकांनी भात दोनदा वाढून घेतला.

तृप्तीने सगळे पेपर त्याच घरातून दिले. मे संपला तशी उज्वलाने आपणहून किल्ली काकांच्या हातात ठेवली. काकांचे डोळे भरून आले.

"येत जा गं पोरी. हे तुझं माहेरच आहे."

"येईन की! कुंभात येते, चार दिवस राहायला."

काकांनी डोळे पुसले, किल्ली खिशात टाकली.

"ये ना. फक्त महिनाभर आधी कळव हं."